पर्वतीय प्रदेशातील विमान उड्डाणांचा विलंब

डोंगराळ भागातील विमानतळांवर हवामान, समुद्रसपाटीपासूनची उंची, भूरचना किंवा सुरक्षा यांमुळे उड्डाणास उशीर होणे अथवा ते रद्द होणे, यास पर्वतीय प्रदेशातील विमान उड्डाणांचा विलंब असे म्हणता येईल. भारतात लेह, श्रीनगर, शिमला, कुलू (भुंतर) आणि सिक्कीममधील पाक्योंग येथे असे प्रसंग वारंवार येतात. सोलापूरसारख्या शहरातून तेथे जाणाऱ्यांचा प्रवास अनेक टप्प्यांचा असल्याने एका उड्डाणाच्या विलंबाचा परिणाम पुढील सर्व आरक्षणांवर होतो.

कारणे

उंचीनुसार हवा विरळ होते. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५६ मीटर उंचीवर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. तापमान वाढले की हवा आणखी विरळ होते. पंखांना मिळणारा उचल-जोर व इंजिनाची शक्ती घटते आणि उड्डाणासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. सोलापूरची उंची ५०० मीटरहून कमी असल्याने उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला तरी तेथून विमान उडू शकते. लेहमध्ये मात्र त्याहून कमी तापमानही अडचणीचे ठरते. जुलै २०२४ च्या अखेरीस वाढलेल्या तापमानामुळे लेहची अनेक उड्डाणे रद्द झाली होती.

दुपारनंतर दऱ्यांमधून जोराचे वारे वाहू लागतात. त्यामुळे लेहची बहुतेक उड्डाणे सकाळच्या वेळात होतात. सकाळची वेळ हुकली की विमान बहुधा दुसऱ्या दिवसावर जाते. श्रीनगरमध्ये हिवाळ्यातील धुके व हिमवृष्टी, तर पाक्योंगमध्ये ढगांमुळे घटणारी दृश्यमानता ही प्रमुख कारणे आहेत. पाक्योंग विमानतळाचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०१८ रोजी झाले. त्यानंतर तेथील सेवा अनेकदा खंडित झाली. नेपाळमधील लुकला येथे धावपट्टी केवळ ५२७ मीटर लांबीची व उताराची असून वैमानिकास ती डोळ्यांनी स्पष्ट दिसल्याशिवाय विमान उतरवता येत नाही.

सुरक्षेच्या कारणांनीही प्रवासी अडकतात. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर काश्मीरमधील पर्यटकांना परत आणण्यासाठी महाराष्ट्र शासनाने विशेष विमानांची व्यवस्था केली होती.

प्रवाशांचे अधिकार

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशास पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा यांपैकी एकाची निवड करता येते. ठरावीक मर्यादेहून अधिक काळ थांबावे लागल्यास अल्पोपाहाराची तरतूद आहे. खराब हवामानासारख्या, कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील कारणासाठी मात्र नुकसानभरपाई देय नसते. परतावा आणि नुकसानभरपाई या दोन भिन्न गोष्टी असून, भरपाई नाकारली गेली तरी परताव्याचा हक्क कायम राहतो. तक्रार प्रथम विमान कंपनीकडे व नंतर केंद्र शासनाच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर नोंदवता येते.

नियोजन

सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्यासाठी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. हिमालयाकडे जाणारे प्रवासी सामान्यतः रेल्वे किंवा रस्त्याने पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठून, बहुधा दिल्लीमार्गे पुढे जातात. अशा प्रवासात पुढील बाबी उपयुक्त ठरतात :

• पर्वतीय विमानतळावरून सकाळचे पहिले उड्डाण निवडणे.
• परतीचे पर्वतीय उड्डाण आणि दिल्लीहून पुढील विमान यांच्यात एक दिवस मोकळा ठेवणे. परीक्षा, विवाह किंवा शस्त्रक्रिया यांसारखा न टळणारा प्रसंग असल्यास ही काळजी विशेष महत्त्वाची असते.
• दोन्ही विमानांचे आरक्षण शक्यतो एकाच तिकिटावर करणे. तिकिटे स्वतंत्र असल्यास चुकलेल्या पुढील विमानाची जबाबदारी सामान्यतः प्रवाशावर येते. विमानास झालेला उशीर हे रेल्वेच्या परताव्याचेही कारण ठरत नाही.
• नियमित औषधे, उबदार कपडे व ओळखपत्र हातातील सामानात ठेवणे. एका जादा मुक्कामाच्या खर्चाची तरतूद करणे.
• प्रवास विम्यात किती तासांच्या विलंबानंतर रक्कम मिळते, हे आधी वाचणे.

लेहला पोहोचण्यास एक दिवस उशीर झाला, तरी विरळ हवेची सवय होण्यासाठी आवश्यक असलेली पहिल्या एक-दोन दिवसांची विश्रांती कमी करणे धोक्याचे असते. अशा वेळी विश्रांतीऐवजी एखादे प्रेक्षणीय स्थळ वगळणे हिताचे ठरते. पर्यायी रस्ता निवडण्यापूर्वी दरडी व हिमवृष्टीची माहिती घेणे आवश्यक असते. कारण ज्या हवामानामुळे विमान थांबते, त्यामुळेच घाटरस्ताही बंद होण्याचा संभव असतो. काश्मीरसाठी ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झालेली कटरा–श्रीनगर रेल्वेसेवा हा आणखी एक पर्याय आहे.