गॅस की पित्ताशयातील खडा? दुखणे कसे ओळखावे

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्ली भागात काम करताना आम्हाला एक वाक्य सतत ऐकू येते : "काही नाही, गॅस झालाय." ओवा चावायचा, सोडा प्यायचा, मेडिकलमधून गोळी आणायची आणि लोकल पकडायची. बहुतेक वेळा तो गॅसच असतो. पण प्रत्येक वेळी नाही. आपल्याकडे 'पित्त झाले' म्हणजे ॲसिडिटी, त्यामुळे यकृताखालच्या पित्ताशयाकडे लक्षच जात नाही.

गॅसचे दुखणे : पोट फुगते, कळ जागा बदलते. ढेकर आला, वारा सरला किंवा शौचाला झाले की बरे वाटते.

पित्ताशयाचे दुखणे : खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकल्याने होते. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखते, कळ पाठीत वा उजव्या खांद्याकडे जाते. अनेकदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, वाढत जाते आणि अर्धा तास ते काही तास टिकते. कूस बदलून किंवा ढेकर देऊन थांबत नाही.

थांबू नका : थंडी वाजून ताप, डोळे वा लघवी पिवळी, सतत उलट्या, किंवा पाच-सहा तास न थांबणारी कळ असेल तर लगेच रुग्णालय गाठा. घाम, धाप, छातीत दाब असेल तर ते हृदयाचे असू शकते. 108 ला फोन करा.

कोणाला धोका जास्त : स्त्रिया, विशेषतः गरोदरपणात, मधुमेही, झपाट्याने वजन घटवणारे. सिकलसेल रुग्णांना लहान वयातही खडे होतात. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, म्हणून तिथून इकडे आलेल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे.

तपासणी व उपचार : उपाशीपोटी पोटाची सोनोग्राफी करावी, साध्या एक्स-रेत बरेच खडे दिसत नाहीत. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. वारंवार दुखत असेल तर दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो.

खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नका. उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात रेशनकार्ड दाखवून आरोग्यमित्राला विचारा. कार्यकर्त्यांनो, वस्तीतली एखादी ताई महिनोन्महिने 'गॅस' म्हणत असेल, तर तिला सोनोग्राफीपर्यंत सोबत करा.