नवागतांचे चर्च : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील ख्रिस्ती समुदायाची ऐतिहासिक घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा विचार होतो तेव्हा अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वसई, मुंबई आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) या केंद्रांकडे जाते. ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसराचा उल्लेख वसईच्या इतिहासाची पुरवणी म्हणून किंवा मुंबईच्या उपनगरी वाढीचा एक भाग म्हणून येतो. वास्तविक भारतातील ख्रिस्ती वस्तीसंबंधीच्या अतिशय जुन्या लिखित उल्लेखांपैकी काही या परिसराशी जोडले गेले आहेत. दुसरीकडे, येथील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे गेल्या शंभर-दीडशे वर्षांत नोकरीधंद्यानिमित्त येथे आलेली आहेत. प्राचीन उल्लेख आणि अर्वाचीन वस्ती यांचा परस्परसंबंध नेमका कसा लावावयाचा, हा येथील इतिहासलेखनापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट बाजूने केला आहे. परक्या गावी आलेल्या ख्रिस्ती माणसाला उपासनेसाठी समुदाय कसा सापडला, आणि तो नसेल तेव्हा त्याने तो कसा उभा केला, हे निरनिराळ्या कालखंडांत तपासले असता असे दिसते की, या परिसरातील ख्रिस्ती इतिहास ही एकसंध, अखंड परंपरा नाही. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कारणांनी येथे आलेल्या लोकांनी घडविलेले ते थर आहेत.

प्राचीन कल्याण : व्यापारी बंदर आणि पर्शियातून येणारा बिशप

इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथे उतरू पाहणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरी येथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. अशा या व्यापारी नगराच्या पार्श्वभूमीवर सहाव्या शतकातील कोस्मस इंडिकोप्लेउस्टीस याचा उल्लेख वाचावा लागतो. अलेक्झांड्रियाच्या या व्यापाऱ्याने इ.स. ५५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ख्रिस्ती भूवर्णन’ या ग्रंथात सिंहल बेट, मिरीचा प्रदेश असलेला मलबार आणि ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याचे नमूद केले आहे. कल्लियाना येथील बिशपची नियुक्ती पर्शियातून होते, असेही तो सांगतो. याच नगरातून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड निर्यात होत असल्याची नोंद त्याने केली आहे.

हे ‘कल्लियाना’ म्हणजे उल्हास नदीच्या काठचे कल्याण, असे अनेक अभ्यासकांनी मानले. काहींनी मात्र ते केरळातील कोल्लम किंवा उडुपीजवळील कल्याणपूर असावे, असे मत मांडले आहे. कल्याणमध्ये या काळातील चर्चचे निर्विवाद अवशेष उजेडात आलेले नाहीत. त्यामुळे स्थाननिश्चितीचा वाद केवळ नामसाधर्म्यावर मिटविता येत नाही. तथापि या उल्लेखातून एक गोष्ट निश्चित होते. पश्चिम किनाऱ्यावरील या समुदायाचा धर्माधिकारी समुद्रापलीकडून येत असे. ज्या जलमार्गाने माल ये-जा करीत होता, त्याच मार्गावर समुदायाचे धार्मिक अस्तित्वही अवलंबून होते. मार्ग क्षीण झाला की समुदायाचा आधारही क्षीण होणार, ही मर्यादा त्याच्या रचनेतच होती.

इ.स. १३२१ : ठाण्यातील एक आश्रयाचे घर

चौदाव्या शतकातील ठाण्याविषयी अधिक ठोस माहिती मिळते. इ.स. १३२१ मध्ये तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तीन फ्रान्सिस्कन साधू, तसेच तिफ्लिसचा दिमित्रियस हा भाषा जाणणारा सहकारी ठाण्यास उतरले. त्यांना जावयाचे होते कोल्लमला, परंतु जहाजाने त्यांना येथे आणले. त्यांच्यासोबत जोर्डन हा डोमिनिकन साधूही होता. पुढे काही वर्षांत ठाण्यास आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने नोंदविल्याप्रमाणे ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि त्यांपैकीच एका घरी या साधूंना आश्रय मिळाला.

या घरातील पतिपत्नींमध्ये भांडण झाले. पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि घरी उतरलेले साधू साक्षीदार म्हणून पुढे आले. चौकशीचे रूपांतर धर्मविषयक वादात झाले आणि ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना ठार मारण्यात आले. सामान राखण्यासाठी घरी थांबलेला पीटर ११ एप्रिल रोजी मारला गेला. भडोचच्या वाटेवर असलेल्या जोर्डनने परत येऊन त्यांचे दफन सोपाऱ्यास केले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. जोर्डनची इ.स. १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप म्हणून नियुक्ती झाली. थॉमस यास इ.स. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘धन्य’ म्हणून मान्यता दिली.

या घटनेकडे सामान्यतः हौतात्म्याची कथा म्हणून पाहिले जाते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील आश्रयाचा तपशील तितकाच मोलाचा आहे. रोमच्या दृष्टीने नेस्टोरियन हे पाखंडी होते. खुद्द ओडोरिकनेही त्यांच्याविषयी तसेच शब्द वापरले आहेत. तरीही अनोळखी नगरात उतरलेल्या रोमच्या साधूंना राहण्यासाठी दार उघडले ते याच लोकांनी. दूरच्या धर्मपीठांना महत्त्वाचे वाटणारे मतभेद परदेशी बंदरातील मूठभर घरांना तितकेसे आड आले नाहीत. मात्र ज्यांनी आश्रय दिला त्या पंधरा घरांपैकी एकाही गृहस्थाचे नाव युरोपच्या स्मरणात राहिले नाही. नंतरच्या कागदपत्रांतही त्यांचा माग लागत नाही.

पोर्तुगीज सत्ता आणि गावाशी बांधलेले चर्च

इ.स. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट संघांनी ठाणे-साष्टी भागात धर्मप्रसार केला. या कार्यास राजसत्तेचे पाठबळ होते. मंदिरांचा विध्वंस, अनाथ मुलांचे धर्मांतर आणि ख्रिस्ती रयतेला मिळणाऱ्या सवलती हा या इतिहासाचा भाग आहे आणि तो वगळून येथील चर्चचा इतिहास लिहिता येत नाही. मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचा इतिहास याच कालखंडापर्यंत मागे जातो.

इ.स. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि इ.स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी व युरोपीय साधू निघून गेले. राजाश्रय गेल्यावर हा समुदाय विखुरणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे आपल्या गावीच राहिली आणि एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी आपली उपासना चालू ठेवली. प्राचीन व मध्ययुगीन व्यापारी वस्तीपेक्षा हा समुदाय येथेच वेगळा ठरतो. त्याची मुळे शेती, मासेमारी, विणकाम, भाऊबंदकी आणि गावचे सण यांत गुंतलेली होती. ठाण्यातील रेशीम विणकामात ख्रिस्ती कारागीर होते, याची नोंद इ.स. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही सापडते. सत्तेने घडविलेला समुदाय सत्ता गेल्यावर टिकला, याचे श्रेय या स्थानिक बांधणीला द्यावे लागते.

इ.स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. त्यानंतर अधिकारी व सैनिकांसाठी स्वतंत्र प्रॉटेस्टंट उपासनेची गरज निर्माण झाली. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे पवित्रीकरण इ.स. १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी केले. एकाच नगरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचे आणि इंग्रजी बोलणाऱ्या अंमलदारांचे चर्च उभे राहिले. त्यांच्यात धर्माचे नाव समान असले, तरी सामाजिक व्यवहार फारसा समान नव्हता.

रेल्वे आणि ‘स्थानिक’ या ओळखीची निर्मिती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. भोर व थळ या दोन्ही घाटांकडे जाणारे मार्ग येथून फुटत असल्याने कल्याण हे महत्त्वाचे जंक्शन बनले. मुंबई आणि तिच्या परिसरात रेल्वे, गोदी व कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी गोवा व मंगळूर भागांतून ख्रिस्ती लोक आले. त्यांच्यापासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी स्थानिक मराठीभाषक कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. इ.स. १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. म्हणजेच जो समाज पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहत होता, त्याला आपण ‘स्थानिक’ आहोत हे नावानिशी सांगण्याची गरज नवागतांच्या आगमनामुळे भासली.

याच मार्गाने अहमदनगर परिसरातून मराठीभाषक प्रॉटेस्टंट कुटुंबेही मुंबईकडे आली. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्या या कुटुंबांत दलित समाजातील कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. त्यांच्या उपासनेत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या मराठी गीतांना महत्त्वाचे स्थान होते. ईस्ट इंडियन कॅथलिक आणि नगरकडील प्रॉटेस्टंट यांची भाषा एक, पण चर्च भिन्न. तर गोव्याच्या कॅथलिकांशी ईस्ट इंडियनांचे चर्च एक, पण बोली भिन्न. नवागताने आपला समुदाय भाषेवरून शोधावा की संप्रदायावरून, हा पेच येथूनच सुरू होतो.

इ.स. १९६० नंतर : भाषा, विधी आणि दोन अधिकारक्षेत्रे

इ.स. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्यातील वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीतील औद्योगिक क्षेत्र यांमुळे परिसराचे स्वरूप बदलले. केरळातून कारखाने, कचेऱ्या, शाळा व रुग्णालये यांतील नोकऱ्यांसाठी अनेक कुटुंबे आली. याच सुमारास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांचा मार्ग मोकळा केला. तोपर्यंत मिस्सा लॅटिन भाषेत होत असल्याने ती सर्वांनाच सारखी परिचित वा सारखी अपरिचित होती. लोकभाषांमुळे उपासना लोकांच्या जवळ आली, पण बहुभाषिक नगरांत एका चर्चमध्ये कोणत्या भाषेला कोणती वेळ द्यावी, हा नवा प्रश्न निर्माण झाला. चर्चच्या दारावरील मिस्सांचे वेळापत्रक हे जणू स्थलांतराचे कोष्टकच बनले.

सिरो-मलबार कॅथलिकांच्या बाबतीत भाषेखेरीज विधीचाही प्रश्न होता. लॅटिन चर्चमध्ये धर्मग्राम सामान्यतः भौगोलिक असतो. त्या हद्दीत राहणारा त्या धर्मग्रामाचा. पौर्वात्य विधीचे सदस्यत्व मात्र स्थलांतराने बदलत नाही. दुसऱ्या विधीच्या चर्चमध्ये कितीही वर्षे संस्कार घेतले, तरी मूळ सदस्यत्व केवळ त्यामुळे सुटत नाही. त्यामुळे डोंबिवलीत राहणारे केरळी कुटुंब वास्तव्याने एका धर्मग्रामाच्या हद्दीत आणि विधीने दुसऱ्याच चर्चचे, अशी स्थिती उद्भवली. या कुटुंबांसाठी ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली आणि मार पॉल चिट्टिलप्पिळ्ळी हे पहिले बिशप झाले. इ.स. १९९७ मध्ये मार थॉमस इलवनाल यांनी ही धुरा सांभाळली. इ.स. २०२५ मध्ये कल्याणला महाधर्मप्रांताचा दर्जा देण्यात आला. त्याच भूमीवर लॅटिन विधीच्या मुंबई महाधर्मप्रांताचे अधिकारक्षेत्रही कायम आहे.

या व्यवस्थेने मल्याळम भाषेतील उपासना आणि धर्मशिक्षण यांची सोय झाली. त्याचबरोबर दीर्घकाळ एकाच धर्मग्रामात वावरलेल्या कुटुंबांपुढे मुलांचा स्नानसंस्कार कोठे करावा, विवाहाची नोंद कोणत्या वहीत व्हावी, असे व्यावहारिक प्रश्नही उभे राहिले. येथे जन्मलेल्या पिढीची बोलण्याची भाषा अनेकदा मल्याळमपेक्षा इंग्रजी, हिंदी किंवा मराठी असते, त्यामुळे या प्रश्नांना आणखी एक पदर आला आहे.

निष्कर्ष

१. धर्मप्रांतास ‘कल्याण’ हे नाव असल्याने कोस्मसच्या कल्लियानाचे स्मरण साहजिकच केले जाते. तथापि सहाव्या शतकातील व्यापारी वस्ती, चौदाव्या शतकातील पंधरा घरे आणि विसाव्या शतकातील केरळी कुटुंबे यांना जोडणारी वंशसाखळी उपलब्ध पुराव्यांतून सिद्ध होत नाही. नावाचे सातत्य म्हणजे समुदायाचे सातत्य नव्हे.

२. प्राचीनत्वाचा दावा जोरकसपणे मांडला जातो तेव्हा इ.स. १७३९ नंतर राजाश्रयाविना टिकलेल्या मराठीभाषक ईस्ट इंडियन समाजाचा इतिहास झाकोळला जाण्याची शक्यता असते. परिसरातील सर्वांत दीर्घ, सलग आणि दस्तऐवजांनी सिद्ध होणारी ख्रिस्ती परंपरा त्याचीच आहे.

३. ख्रिस्ती समाज ‘परका’ आहे, हे मत आणि तो येथे ‘पहिल्यापासून अखंड’ आहे, हे मत, ही दोन्ही या परिसराच्या इतिहासाला अपुरी पडतात. येथील समुदाय वारंवार नव्याने घडला आहे, आणि प्रत्येक वेळी आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना जागा दिली अथवा नाकारली, यावर त्याचे स्वरूप ठरले आहे.

४. पुढील संशोधनासाठी धर्मग्रामांतील स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, तसेच उपासनेची जुनी भाषावार वेळापत्रके ही महत्त्वाची साधने ठरू शकतात. जीर्ण झालेल्या वह्यांचे जतन व सूचीकरण करण्याच्या कामी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पुढाकार घेणे आवश्यक आहे.