बऱ्हाणपूर परिसरातील ऐतिहासिक स्थळे

बऱ्हाणपूर (अन्य लेखन : बुऱ्हाणपूर) हे मध्य प्रदेशातील तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले ऐतिहासिक शहर व त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे. महाराष्ट्रातील जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहेत. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी आणि पुढे मोगलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे म्हणून हे शहर प्रसिद्धीस आले. शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था, आहूखाना, मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आणि जवळचा असीरगड किल्ला ही येथील प्रमुख स्थळे होत.

स्थान व महत्त्व

उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या जुन्या मार्गावर सातपुड्याच्या रांगा ओलांडल्यानंतर तापीचे खोरे लागते. या मार्गावर असीरगडाचा पहारा होता आणि तापीच्या उतारावर बऱ्हाणपूर होते. त्यामुळे उत्तरेकडील सत्तेला दक्षिणेत उतरण्यासाठी आणि दक्षिणेकडील सत्तेला उत्तरेची वाट रोखण्यासाठी ही दोन्ही ठिकाणे हाती असणे आवश्यक ठरे. ‘दख्खनचे प्रवेशद्वार’ हे बऱ्हाणपूरचे विशेषण यावरूनच रूढ झाले.

सीमेवरील या स्थानाची छाप शहराच्या वास्तूंवरही दिसते. येथे आलेले अनेक शहाजादे, सेनापती व सुभेदार मोहिमेच्या निमित्ताने आले. काहींचा मृत्यूही येथेच झाला, पण त्यांतील बहुतेकांची अंतिम विश्रांतिस्थाने अन्यत्र आहेत. शहराला टिकवून धरणारी रचना मात्र जमिनीखाली आहे आणि ती पाण्याची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फारुकी घराण्यातील नासीरखान याने पंधराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले. खुलताबाद येथील सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून शहराला बऱ्हाणपूर, तर त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांच्या नावावरून पलीकडच्या तीरावरील वस्तीला झैनाबाद हे नाव देण्यात आले. अशा रीतीने नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांची नावे आजच्या महाराष्ट्रातील खुलताबादशी जोडलेली आहेत.

फारुकी सुलतान राजा अलीखान याने मोगलांशी जुळवून घेतले. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टी येथील लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना तो मारला गेला. त्याचा मुलगा बहादूरखान याने मोगलांना विरोध केला. तेव्हा अकबराने स्वतः बऱ्हाणपुरात येऊन असीरगडाला वेढा घातला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि फारुकी राज्य संपले. खानदेशचा कारभार शहाजादा दानियाल याच्याकडे देण्यात आला.

सतराव्या शतकात शहराचा व्यापार भरभराटीस आला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे शहाजादा परवेझ याची भेट घेतली. सरदारांची काही घरे सोडल्यास शहरात बहुतांशी मातीची घरे असल्याचे त्याने नोंदवले आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील तलम सुती कापड आणि सोन्या-चांदीच्या तारांनी विणलेले वस्त्र इराण, तुर्कस्तान, पोलंड आदी देशांपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे.

जानेवारी १६८१च्या अखेरीस, राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच, छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराबाहेरील बहादूरपुरा व इतर संपन्न पुऱ्यांवर छापा घालून मोठी लूट मिळवली. बादशहा संरक्षण करू शकत नसेल तर शुक्रवारची नमाज बंद करू, असा इशारा शहरातील धर्मपंडितांनी औरंगजेबाला दिल्याचे इतिहासकार खाफीखान सांगतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपुरात दाखल झाला. दक्षिणेत आलेला हा बादशहा पुन्हा उत्तरेत परतला नाही.

अठराव्या शतकात शहर निजामाच्या अमलाखाली होते. १७६०च्या उदगीर लढाईनंतर ते पेशव्यांकडे आणि १७७८ मध्ये शिंद्यांकडे आले. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. परंतु सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये शिंद्यांना परत केले. १८६० नंतर ते ब्रिटिश अमलाखालील निमाड जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, तर निमाड मध्य प्रदेशातच राहिले. तेव्हापासून बऱ्हाणपूर राज्यसीमेलगतचे शहर बनले. २००३ मध्ये खंडवा जिल्ह्यातून बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला.

शहरातील स्थळे

शाही किल्ला : तापीच्या उंच काठावरील हा राजवाडा फारुकी काळात उभारला गेला आणि मोगल काळात त्यात भर पडली. आज त्याचा बराच भाग पडला आहे. दिवाण-ए-आम व दिवाण-ए-खास यांचे अवशेष वरच्या गच्चीवर दिसतात. हमाम, म्हणजे स्नानगृह, हा त्यातील सर्वांत लक्षवेधी भाग होय. त्याच्या छतावर व कमानींवर रंगीत नक्षी शिल्लक आहे. किल्ल्यासमोर नदीपात्रातील खडकात कोरलेला हत्ती आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने त्याचा उल्लेख केला आहे. नदीला पूर आला की हा हत्ती पाण्याखाली जातो.

जामा मशीद : राजा अलीखान याने बांधलेली ही मशीद शहराच्या मध्यभागी आहे. दर्शनी भागात पंधरा कमानी असून दोन्ही टोकांस उंच मनोरे आहेत. मशिदीला घुमट नाही. छत कमानींच्या ओळींवर तोललेले आहे. आत अरबी लेखाबरोबरच देवनागरी लिपीतील संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली असून बांधकामाचा काळ हिजरी सनाबरोबर विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असाही नोंदवला आहे. तीन कालगणना एकत्र देणारा हा लेख त्या काळातील खानदेशच्या राज्यव्यवहाराचे मोलाचे साधन आहे. असीरगड जिंकल्यानंतर अकबराने कोरवलेला फारसी लेखही येथे आहे.

बीबी की मशीद : ही शहरातील सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक असून ती फारुकी सुलतानाच्या राणीने बांधवली. ही राणी गुजरातच्या सुलतानाची कन्या होती. मशिदीच्या मनोऱ्यांवर गुजराती शैलीची छाप स्पष्ट दिसते.

शाहनवाजखानाची कबर : सेनापती व कवी अब्दुर्रहीम खानखाना याचा ज्येष्ठ पुत्र शाहनवाजखान १६१९ मध्ये मरण पावला. उतावळी नदीच्या काठी त्याची कबर आहे. काळपट दगडामुळे तिला ‘काळा ताजमहाल’ असे लोक म्हणतात.

बिल्किस बेगमची कबर : शहाजादा शुजा याची पत्नी बिल्किस बेगम हिची ही लहान वास्तू खरबुजासारख्या आकारामुळे ‘खरबुजा घुमट’ या नावाने ओळखली जाते. तिच्या अंतर्भागातील रंगीत फुलांची चित्रे प्रेक्षणीय आहेत.

गुरुद्वारा बडी संगत : दहावे शीख गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना बऱ्हाणपुरात थांबले होते. त्या मुक्कामाचे स्मारक म्हणून हा गुरुद्वारा उभा आहे. नांदेडला जाणारे अनेक शीख यात्रेकरू येथे दर्शन घेतात.

दर्गाह-ए-हकीमी : दाऊदी बोहरा समाजाचे संत सैयदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची पांढऱ्या संगमरवरातील समाधी शहराच्या सीमेवर आहे. देशविदेशांतील बोहरा यात्रेकरू येथे येतात.

कुंडी भंडारा

कुंडी भंडारा (लोकप्रचारात ‘खुनी भंडारा’) हा शहराला पाणी पुरवण्यासाठी खोदलेल्या भूमिगत जलमार्गांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. तो १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना बांधला गेला, असे मानतात. इराणी भूजलतज्ज्ञाचे नाव ‘तबकुतुल अर्ज’ असे सांगितले जाते. या शब्दांचा अर्थ ‘जमिनीचे थर’ असा होतो.

सातपुड्यावर पडलेले पावसाचे पाणी मुरून भूगर्भातून तापीकडे वाहते. हा प्रवाह वाटेतच अडवून त्याला सौम्य उताराच्या बोगद्यात वळवणे, हे या रचनेचे तत्त्व आहे. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खोदल्या असून त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. कुंड्यांमधून बोगद्यात हवा खेळते, गाळ काढण्यासाठी माणूस उतरू शकतो आणि पाणीही शेंदता येते. बोगद्यातील पाणी ‘जाळी करंज’ नावाच्या हौदात येई व तेथून नळांद्वारे शहरभर जाई. संपूर्ण व्यवस्था केवळ उतारावर चालते. तिला मोट लागत नाही की पंप.

या रचनेची तुलना छत्रपती संभाजीनगर येथील नहर-ए-अंबरीशी केली जाते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने आपल्या नव्या राजधानीत, खडकी येथे, त्याच सुमारास अशीच भूमिगत नहर बांधवली. खानखाना आणि मलिक अंबर हे रणांगणावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. कमी पावसाच्या प्रदेशात लष्करी शहराला पाणी पुरवण्याची अडचण मात्र दोघांपुढे सारखीच होती.

कुंडी भंडाऱ्यात आजही पाणी वाहते व पर्यटकांना एका कुंडीतून खाली उतरता येते. पाण्यातील चुन्याचे थर भिंतींवर साचत असल्याने प्रवाहाची वाट अरुंद होते. परिसरातील कूपनलिकांचा उपसा आणि वाढती बांधकामे यांचाही परिणाम भूजलावर होतो. जमिनीवरची इमारत कुंपण घालून राखता येते. कुंडी भंडारा राखायचा असेल, तर डोंगरापासून शहरापर्यंतचे पाणलोटक्षेत्र राखावे लागते. मार्च २०२४ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला.

परिसरातील स्थळे

आहूखाना : तापीच्या दक्षिण तीरावर झैनाबाद येथे मोगलांचे हे हरणांचे शिकारवन व बाग होती. शहाजहान बऱ्हाणपुरात असताना १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर त्याची पत्नी मुमताज महल मरण पावली. तिचे पार्थिव प्रथम झैनाबादच्या बागेत दफन करण्यात आले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास नेण्यात आले. त्याच सुमारास गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. संत तुकारामांच्या संसाराची वाताहत ज्या दुष्काळात झाली, तो हाच होय. आज आहूखान्यात मोडकळीस आलेल्या वास्तूंचे अवशेष उरले आहेत.

मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री : १६६५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे आंबेरचे राजे जयसिंग यांचा ऑगस्ट १६६७ मध्ये बऱ्हाणपूर येथे मृत्यू झाला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर बादशहाची त्यांच्यावर मर्जी राहिली नव्हती. तापी व मोहना नद्यांच्या संगमाजवळ त्यांच्या स्मरणार्थ दगडी खांबांची छत्री आहे.

असीरगड : शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर हा गिरिदुर्ग आहे. असीरगड, कमरगड व मलयगड असे त्याचे तीन टप्पे आहेत. आसा अहीर या स्थानिक प्रमुखाकडून नासीरखानाने तो कपटाने घेतला. डोल्यांमध्ये स्त्रियांऐवजी सैनिक पाठवले होते, असे फरिश्ता लिहितो. गडावर फारुकी काळातील मशीद आणि महादेवाचे मंदिर आहे. चिरंजीव अश्वत्थामा येथे रोज पूजेला येतो, अशी लोकश्रद्धा आहे. एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध संपुष्टात आले.

इच्छापूर : महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या गावातील टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर आहे. नवसाला पावणारी देवी म्हणून खानदेशातील भाविकांची येथे गर्दी असते.

स्मृती व वारसा

दानियाल (१६०५), खुस्रो (१६२२) व परवेझ (१६२६) या तीन शहाजाद्यांचा मृत्यू बऱ्हाणपुरात झाला. हैदराबादच्या निजामशाहीचा संस्थापक पहिला आसफजाह हाही १ जून १७४८ रोजी येथेच मरण पावला. त्याची कबर मात्र खुलताबादला, ज्यांच्या नावावरून शहराचे नाव पडले त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात आहे.

सत्तेचे केंद्र हलल्यावर शहराचे लष्करी महत्त्व ओसरले. विणकामाची परंपरा मात्र यंत्रमागांच्या रूपाने टिकली. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रावेर-यावल पट्ट्याप्रमाणेच केळीचे मोठे पीक घेतले जाते. हिंदी, उर्दू व निमाडीबरोबर येथे मराठीही बोलली जाते. राज्यसीमा मध्ये आली, तरी बाजार, यात्रा आणि सोयरिकी यांमुळे खानदेशाशी असलेला संबंध कायम आहे.

कसे जावे

बऱ्हाणपूर रेल्वे स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ–खंडवा मार्गावर असून ते शहराबाहेर लालबाग भागात आहे. कुंडी भंडारा त्याच बाजूला येतो. रावेर व मुक्ताईनगर येथून रस्त्यानेही शहराला जाता येते. आहूखाना व जयसिंगांची छत्री पाहण्यासाठी पावसाळ्यानंतरचा काळ सोयीचा असतो.