पदराशी बांधलेले मूल

झाशीच्या राणीचे नाव निघाले की घोड्यावर स्वार झालेली आणि पाठीशी मूल बांधलेली वीरांगना आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. १८५८ च्या एप्रिलमध्ये ती किल्ल्याबाहेर पडली तेव्हा दत्तक पुत्र दामोदरराव तिच्या पाठीशी बांधलेला होता, असे ‘माझा प्रवास’कार विष्णुभट गोडसे यांनीही नमूद केले आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तविधान झाले त्या वेळी हे मूल पाच वर्षांचे होते. म्हणजे त्या रात्री ते नऊ-दहा वर्षांचे असावे. मूर्तिकार त्याला बहुधा पुष्कळच लहान करतात, ती गोष्ट निराळी. पुढे हा दामोदरराव इंदुरास राहिला आणि १९०६ साली तेथेच वारला.

परंतु श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते राणीच्या तलवारीविषयी नव्हे, तर त्या पाठीशी बांधलेल्या वस्त्राविषयी. पुतळ्यात ज्याला आपण हात जोडतो, तेच वस्त्र रस्त्याकाठी खडी वाहणाऱ्या बाईच्या पाठीवर दिसले की आपणांस दारिद्र्याची खूण वाटते. या दृष्टिभेदालाही एक इतिहास आहे.

माकडिणीचे पिल्लू आईच्या केसांना धरून लोंबते. मानवाच्या अर्भकाला तेवढे बळ नाही आणि त्याच्या आईच्या अंगावर तसे केसही नाहीत. म्हणून आईने वस्त्राचा आधार घेतला. मेक्सिकोतील स्त्रिया रेबोझो नावाच्या लांब शालीत मूल बांधतात. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट स्त्रियांच्या चामडी अंगरख्याला पाठीवर मुलासाठी खोळच शिवलेली असते. खुद्द ब्रिटनमध्ये, वेल्स प्रांतातील कष्टकरी आया विसाव्या शतकातही शालीत मूल गुंडाळून बाजारहाट करीत. आपल्याकडे तर लुगड्याचा पदर होताच. ‘पदरी पोर आहे’ हा शब्दप्रयोग आपण आज केवळ जबाबदारी या अर्थाने करतो. पण शेताच्या बांधावरून चालणाऱ्या बाईच्या बाबतीत तो अक्षरशः खरा असे.

युरोपातील श्रीमंतांनी मात्र मुलाला अंगावरून उतरविले. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट याने ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या मुलांसाठी एक चिमुकली गाडी बनविली. ती ओढावयास लहानसे जनावर जुंपण्याची सोय होती, म्हणजे हे मूळचे खेळणेच! एकोणिसाव्या शतकात राजघराण्याने अशा गाड्या घेतल्यावर बाबागाडी ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. आणि गाडी ढकलणे जर सभ्यपणाचे, तर मूल पाठीशी बांधणे हे ओघानेच गावंढळपणाचे ठरले. इंग्रजी राज्याबरोबर हा समज आपल्याही सुशिक्षित घरांत शिरला असावा, असे मला वाटते.

हा समज फिरला तो आफ्रिकेच्या वाटेने. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका ‘पीस कोअर’च्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात गेली होती. तेथील आया पाठीशी मुले बांधून दिवसभर वावरत आणि ती मुले विलक्षण शांत असत, हे तिने पाहिले. स्वदेशी परतल्यावर तिला मुलगी झाली, तेव्हा तिनेही तसाच प्रयत्न केला. परंतु नुसत्या कापडाची गाठ तिला साधेना. तेव्हा तिने आपल्या आईकडून पट्टे असलेली एक कापडी पिशवी शिवून घेतली. १९६९ साली तिला या पिशवीचे पेटंट मिळाले आणि ‘स्नगली’ या नावाने ती अमेरिकेत विकली जाऊ लागली. टोगोच्या बाईला जे कापडाच्या एका तुकड्यात साधत होते, त्यासाठी आता शिवण, पट्टे आणि किंमत आली. तरी मूर यांना दोष देववत नाही. आपण हे कोठून शिकलो, ते त्यांनी लपविले नाही.

याहून मोठी घटना कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे घडली. १९७८ साली तेथील प्रसूतिरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी उबपेट्या कमी पडत. एकेका पेटीत अनेक अर्भके ठेवावी लागत आणि संसर्गाने ती दगावत. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही मुले आईच्या उघड्या छातीशी उभी बांधून ठेवण्यास आरंभ केला. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी! कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव पडले. पुष्कळ वर्षे जाणकार हिला गरिबांची तडजोड समजत होते. पुढे घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत सुमारे ३२०० अल्पवजनी अर्भकांवर प्रयोग झाला. आपल्याकडील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे होते. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या मुलांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १२ होते. प्रकृती स्थिर होईपर्यंत वेगळे ठेवलेल्या मुलांत ते शेकडा १५.७ होते. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

धडधाकट मुलांसंबंधी १९८६ चा माँट्रियल येथील एक अभ्यास प्रसिद्ध आहे. मूल रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगावर बाळगले असता सहाव्या आठवड्यात त्याचे रडणे व किरकिरणे शेकडा ४३ ने कमी आढळले. मात्र ज्यांना पोटशूळाची रड आधीच जडली आहे, त्या मुलांना या उपायाने गुण येत नाही, असे त्याच संशोधकांपैकी एकाला पुढे दिसून आले. तेव्हा झोळीला रामबाण समजू नये.

जुनी रीत म्हणून ती सर्वस्वी निर्दोष, असेही नव्हे. अमेरिकेतील नॅव्हाहो लोक मुलाला लाकडी फळीवर पाय सरळ करून बांधीत. त्यांच्यात खुब्याचा सांधा निखळण्याचे प्रमाण मोठे होते. जपानात १९७५ च्या सुमारास अर्भकाचे पाय सरळ आवळून न ठेवण्याची मोहीम निघाली आणि हा विकार झपाट्याने घटला. म्हणून झोळी घेताना प्रथम बैठक पाहावी. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचले पाहिजे, मांड्या फाकलेल्या आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर असले पाहिजेत; बेडकाची बैठक म्हणा ना! पाय नुसते लोंबकळत असतील तर ती पिशवी कितीही महाग असो, दुकानातच ठेवावी.

दुसरी गोष्ट श्वासाची. पिशवीसारख्या खोल झोळीत तान्ह्या मुलाची मान दुमडते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो. २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केले की मागील वीस वर्षांत अशा झोळ्यांशी संबंधित चौदा अर्भकमृत्यू नोंदले गेले आणि त्यांतील बारा मुले चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून मूल उभे, आईच्या छातीशी घट्ट असावे. त्याचे तोंड सदैव दिसावे आणि मान किंचित वळवून त्याचा मुका घेता येईल इतके ते उंच असावे. पाठीवर बांधावयाचे ते मान पक्की धरू लागल्यावरच.

राहिला प्रश्न कापडाचा. ग्वाल्हेर-हैदराबादेच्या उन्हाळ्यात जाड, अस्तर लावलेली पिशवी आई आणि मूल दोघांनाही उकडून काढते. पातळ पण घट्ट विणीचे सुती कापड बरे. जर्मनीत १९७२ पासून खास विणलेले जे लांब पट्टे विकले जातात, त्यांची लांबी साधारण साडेचार मीटर असते, म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. आजीच्या पेटीत असे लुगडे असेल तर ते विरले नाही ना, हे दोन्ही हातांनी ताणून पाहावे आणि पहिली गाठ पलंगाशेजारी उभे राहून, कोणी तरी जवळ असताना मारावी.