राखेच्या ढिगावर जिवाणूंची शेती

नागपूरच्या उत्तरेस खापरखेडा येथे कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार मोठे असते, साधारणपणे तीस ते पंचेचाळीस टक्के. शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे उरते. वीज दूरवरच्या शहरांत जाते; राख मात्र केंद्राच्या आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. पाण्यात कालवून ती नळांवाटे मोठ्या तलावांत सोडली जाते. तलाव भरून वाळला की उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर ती उडते आणि पिकांवर, विहिरींवर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते. शेजारच्याच कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये पावसात फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत व नाल्यांत पसरला. राखेच्या ढिगावर झाडे उभी करणे हा सुशोभीकरणाचा विषय नसून राख जागच्या जागी धरून ठेवण्याचा उपाय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु राखेवर सहजासहजी काही उगवत नाही. कोळशातील नत्र जळताना वायुरूपाने निघून जातो. सेंद्रिय पदार्थाचा अंशही उरत नाही. राखेचे कण अतिसूक्ष्म असल्याने ती ओली झाली की चिकटून बसते आणि वाळली की धूळ होते. कॅडमियम, निकेल, शिसे यांसारखे जड धातू कोळशात अल्प प्रमाणात असतात. कोळसा जळून गेल्यावर ते राखेत एकवटतात. शिवाय आणखी एक उणीव असते, जी डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये काही कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. भट्टीतून निघालेल्या राखेत ते जवळजवळ नसतातच.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे 'नीरी'तील, आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खापरखेड्याच्या राखेच्या ढिगावर दहा हेक्टर क्षेत्रात एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत ऐकायला साधी वाटते. राखेत हेक्टरी पन्नास टन शेणखत मिसळले. हवेतील नत्र पकडणारे ब्रॅडीरायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू, तसेच मुळांशी संगनमत करून राहणारी मायकोरायझा ही बुरशी यांची जोड दिली, आणि तग धरतील अशी झाडे निवडून लावली. राखेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता चाळीस टक्क्यांवरून बासष्ट टक्क्यांवर गेली. नत्राचे प्रमाण साडेचार पट झाले, स्फुरदाचे दहापट. जिथे जिवाणू जवळजवळ नव्हते, तिथे दर ग्रॅम राखेत ॲझोटोबॅक्टरची संख्या नऊ कोटींच्या वर गेली. विदर्भात मानवेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांबूची मुळे भरघोस फुटली आणि त्याची वाढ नुसत्या राखेतील बांबूच्या पंधरापट झाली. तांबे, निकेल आणि शिसे यांचा उपद्रव जवळपास निम्म्याने घटला, तर कॅडमियमचा पाव हिश्शाने. याच संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवरही ही पद्धत वापरली आहे. तिथे साखर कारखान्यांतील मळीचाही उपयोग करून घेण्यात आला.

या आकड्यांचे श्रेय एकट्या जिवाणूंना देणे चुकीचे ठरेल, आणि एकट्या शेणखतालाही. ते का, हे समजून घ्यायचे तर मुळांपाशी चालणारा व्यवहार पाहावा लागतो.

वनस्पती सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा बराच मोठा वाटा मुळांवाटे बाहेर मातीत सोडतात. त्यात शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले असतात. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. पण या अन्नाच्या ओढीने मुळांभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची दाट वस्ती होते. लोरेन्ट्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या पट्ट्याला 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव दिले. वस्तीला आलेल्या जिवाणूंपैकी काही नुसतेच पाहुणे असतात, काही रोगकारक निघतात. मात्र काही जण जेवणाची किंमत चुकवतात.

ही किंमत मुख्यतः नत्राच्या रूपात मिळते. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्रवायू आहे, तरी वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू परस्परांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना विलग करून युरियाच्या कारखान्यासाठी अमोनिया तयार करताना चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशेपटीहून अधिक दाब लागतो. जिवाणू हेच काम नायट्रोजनेज या विकराच्या साहाय्याने शेतातल्या तापमानाला करतात. अर्थात फुकट नव्हे. नत्राचा एक रेणू फोडायला पेशीतील ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. ही सारी ऊर्जा येते ती झाडाने पुरवलेल्या किंवा मातीत कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून.

त्यातही एक पेच आहे. प्राणवायू लागला की नायट्रोजनेज निकामी होतो; आणि प्राणवायूशिवाय जिवाणूला पुरेशी ऊर्जा मिळत नाही. सोयाबीन, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी म्हणजे या पेचावर निघालेला तोडगा. गाठीत झाड लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन तयार करते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे भाऊबंद. ते प्राणवायू बांधून ठेवते आणि जिवाणूला लागेल तेवढाच, मापून दिल्यासारखा पुरवते. सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटून गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी-लालसर निघाली, तर जिवाणू कामावर आहेत असे समजावे. पांढुरकी वा हिरवट निघाली, तर गाठ आहे पण काम चाललेले नाही. शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय करता येणारी ही उत्तम परीक्षा आहे. गाठींतील हे जिवाणू हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी १८८८ मध्ये प्रथम वेगळे करून वाढवले. आज ब्राझीलमधील सोयाबीनचे प्रचंड क्षेत्र नत्रखताऐवजी मुख्यतः ब्रॅडीरायझोबियमच्या भरवशावर पिकते.

ॲझोटोबॅक्टरला मात्र अशी सुरक्षित खोली मिळत नाही. तो मातीत मोकळा राहतो आणि प्राणवायूला दूर ठेवण्यासाठी स्वतःच अतिशय वेगाने श्वसन करून तो संपवून टाकतो. त्यासाठी त्याला भरपूर कार्बनयुक्त अन्न लागते. खापरखेड्याच्या पन्नास टन शेणखताचा अर्थ इथे उलगडतो. ते झाडांसाठी खत होते, तसे जिवाणूंसाठी जेवणही होते. नुसत्या राखेवर जिवाणू शिंपडले असते, तर ते उपाशी मेले असते.

नत्राव्यतिरिक्त जिवाणूंची इतरही कामे असतात. स्फुरद जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही, ही महाराष्ट्रातील काळ्या जमिनींची जुनी व्यथा आहे. चुनखडीशी बांधला गेलेला हा स्फुरद बॅसिलस आणि स्यूडोमोनास कुळांतील जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून विरघळवतात. काही जिवाणू लोह पकडून ठेवणारे रेणू बाहेर टाकतात, त्यामुळे रोगकारक बुरशीला लोह मिळेनासे होते. काही मुळांची वाढ करणारी संप्रेरके बनवतात. प्रदूषित जमिनीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची करामत निराळीच आहे. धातूंचा किंवा क्षारांचा ताण पडला की झाडात इथिलीन वायू वाढतो आणि मुळांची वाढ खुंटते. एसीसी डीअमिनेज हा विकर असलेले जिवाणू इथिलीन ज्यापासून बनते तो कच्चा मालच खाऊन टाकतात. ताण तसाच राहतो, पण झाडाची घाबरगुंडी कमी होते आणि मूळ खाली उतरत राहते.

आता प्रदूषण साफ करण्याविषयी. 'जिवाणू प्रदूषण खातात' हे वाक्य वृत्तपत्रांत वारंवार येते आणि ते अर्धेच खरे आहे. शिसे, निकेल, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही जिवाणू त्यांना मोडू शकत नाही. फार तर त्यांचे रूप बदलतो. अत्यंत विषारी सहा-संयुजी क्रोमियमचे तुलनेने निरुपद्रवी तीन-संयुजी क्रोमियम करणारे जिवाणू आहेत, आणि कातडी कमावण्याच्या उद्योगांनी नासवलेल्या जमिनींसाठी त्यांचा अभ्यास चालतो. खापरखेड्यातही धातू नाहीसे झाले नव्हते. शेणखतातील सेंद्रिय पदार्थांनी त्यांना बांधून ठेवल्यामुळे त्यांचा उपद्रव घटला होता.

कार्बनी प्रदूषकांची गोष्ट वेगळी. ते मोडता येतात, कारण जिवाणूच्या दृष्टीने ते अन्नच असते, पचायला जड असले तरी. एकेकाळी गावोगावच्या कृषी केंद्रांत बीएचसी पावडर सर्रास मिळे. तिच्यातला कीटकनाशक घटक म्हणजे लिंडेन. एक टन लिंडेन वेगळे काढताना त्याच रसायनाची निरुपयोगी पण विषारी भावंडे आठ ते दहा टन उरतात. बीएचसीच्या वापरावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली, पुढे लिंडेनही गेले. परंतु फेकलेला कचरा राहिला. लखनौजवळच्या उम्मरी गावात अशा कचऱ्याचा मोठा साठा आहे. दिल्ली विद्यापीठातील रूप लाल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे ज्या जिवाणूवर काम करत आले, तो स्फिंगोबियम इंडिकम हे विष टप्प्याटप्प्याने मोडतो. तो मुळात सापडला उसाच्या मुळांभोवतीच्या मातीत, बीएचसी टाकलेल्या शेतात. विषाची सवय झालेल्या वस्तीतूनच त्याचा वैरी मिळाला. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटीवर हा जिवाणू पोसून दूषित मातीत मिसळण्याचे प्रयोगही झाले आहेत.

तेलाबाबतचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. बंगालमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलातील अनेक घटक मोडणारा स्यूडोमोनास जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. मानवाने घडवलेल्या सजीवावर पेटंट मिळू शकते, हे त्या निकालाने ठरले. जगभर गाजलेला हा जिवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर मात्र कधी सोडण्यात आला नाही. मार्च १९८९ मध्ये एक्झॉन वाल्डीझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, तेव्हा तिथल्या गोट्यांवर माखलेल्या तेलासाठी शास्त्रज्ञांनी बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा नत्र आणि स्फुरदयुक्त खत फवारण्याचा मार्ग निवडला. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीपासून होते. तेलाच्या रूपाने त्यांच्यापुढे कार्बनचे ताट वाढलेले होते, नव्हता तो नत्र. खत मिळताच तेल मोडण्याचा वेग वाढला. राखेत कार्बन नव्हता म्हणून शेणखत लागले. अलास्कात नत्र नव्हता म्हणून खत लागले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, जिवाणूंना काय कमी पडते आहे?

हा प्रश्न न विचारता केवळ पाकीट विकत घेण्याकडे कल असतो. जिवाणू संवर्धकांना २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणण्यात आले. रायझोबियमसारख्या संवर्धकाच्या दर ग्रॅम भुकटीत किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे त्या निकषांत म्हटले आहे. जिवंत हा शब्द इथे महत्त्वाचा. पाकीट कारखान्यातून निघताना पाच कोटी असतील, परंतु पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्याच्या विदर्भातल्या उन्हात पंधरा दिवस पडून राहिल्यावर किती उरतात, हे पाकिटावर लिहिलेले नसते. म्हणून अंतिम मुदत पाहावी, पाकीट थंड जागी ठेवावे, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळावे आणि बियाणे सावलीतच सुकवावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक शेवटी. उलट केले तर पैसे खर्चून आणलेले जिवाणू शेतात पोहोचण्यापूर्वीच संपतात. रायझोबियमच्या बाबतीत पिकाचे नावही वाचून घ्यावे, कारण सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठी करत नाही. शहरात गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कुंडीतल्या मातीत कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळा नसेल, तर महागड्या बाटलीतील जिवाणूंना तिथे खायला काही नसते.

खापरखेड्यासारख्या ढिगाऱ्यावर याच्या पुढचा प्रश्न उरतो. बांधले गेलेले शिसे आणि निकेल जागेवरच असतात, आणि काही अंश मुळांवाटे झाडात चढतो. त्यामुळे अशा जमिनीवर भाजीपाला किंवा गुरांचा चारा न घेता बांबू आणि लाकूडफाट्याची झाडे लावणे श्रेयस्कर ठरते. पन्नास टन शेणखत हे काही कायमचे पुरणारे भांडवल नव्हे. काही वर्षांत ते कुजून संपते. तोपर्यंत झाडांचा पुरेसा पाचोळा खाली पडू लागला, तर राखेतल्या जिवाणूंचे जेवण तिथून येते. तो गोळा करून जाळला गेला, तर शेणखताच्या गाड्या पुन्हा बोलवाव्या लागतात.