भांडी कुठे घासायची?

नवीन घराच्या प्लॅनमध्ये डिशवॉशर कुठे बसवायचा, या प्रश्नाचं उत्तर कॅटलॉगमध्ये एका ओळीत असतं: सिंकच्या शेजारी ६० सेंटीमीटरची जागा सोडा. संपलं. पण आपल्याकडे हा विषय निघाला की घरात सरळ दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते ओट्याखाली. दुसरी म्हणते, छे, मागच्या दारी ठेवा, खरकटं स्वयंपाकघरात कशाला?

नंदुरबारला माझा चुलतभाऊ घर बांधतोय. त्याच्या प्लॅनवरून गेले तीन रविवार फोनवर हेच चाललंय. दादा म्हणतो ओट्याखाली, काकू म्हणते मागच्या दारी, आणि वहिनीला अजून कुणी नीट विचारलेलंच नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मला जगातली सगळी मशीनं कळतात अशी घरच्यांची ठाम समजूत! मोजमापं मी काढून दिली, ती खाली येतीलच. पण वाद मोजमापांचा नव्हताच. भांडी घासायची जागा आपल्या घरांमध्ये कशी कशी सरकत गेली ते बघायला लागलो, तर ती दोनच गोष्टींवर ठरत आलीय असं दिसलं. भांडी पाण्याकडे जातात की पाणी भांड्यांकडे येतं, ही एक. आणि घासणार कोण, ही दुसरी. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही, पण प्लॅनच्या रेषा तीच ओढते.

सुरुवात नंदुरबारपासूनच करू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. मध्ये तापीचं काळ्या मातीचं सपाट खोरं, उत्तरेला सातपुडा, आणि डोंगरापलीकडे नर्मदा. वर अक्कलकुवा आणि धडगाव भागात भिल्ल आणि पावरा लोकांची घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, उतारावर, आणि अशी विखुरलेली घरं मिळून एक पाडा. पाणी मात्र खाली नाल्यात. उन्हाळ्यात नाला आटला की पात्रात झिरा खणायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढायचा. जे पाणी बाईच्या डोक्यावरून वर येतं ते आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, मग जनावरांना. भांड्यांचा नंबर शेवटचा. अशा घराच्या नकाशात 'सिंक' दाखवायला जागाच नसते. भांडी घासायची जागा म्हणजे जिथे पाणी परवडेल ती जागा.

खाली तापीकाठी चित्र थोडं वेगळं. शहादा तालुक्यातलं आमच्या आजीचं घर धाब्याचं होतं. विहीर मागे, म्हणून भांडीही मागे. पितळेची ताटं-पातेली, चिंच, राख आणि नारळाची शेंडी. राख हा काही अडाणीपणा नव्हे बरं का. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली, आणि तेलकटपणा त्याने सुटतो. आज डिशवॉशरच्या पावडरच्या पाकिटावर बारीक अक्षरात वाचा, त्यात बहुतेक वेळा सोडियम कार्बोनेट सापडेल. राखेचा सख्खा चुलतभाऊ! शिवाय राखेने आधी कोरडंच घासून घेता येतं, मग थोडक्या पाण्यात भांडं निघतं. जिथे पाणी वाहून आणायचं तिथे ही फार मोठी गोष्ट.

पुढची पायरी मोरी. पाणी भांड्यांकडे येऊ लागलं, निदान घंगाळात आणि हंड्यात भरून तरी. घराच्या एका कोपऱ्यात वीतभर कठडा, फरशी आणि बाहेर जाणारं भोक. आंघोळ तिथेच, धुणं तिथेच, भांडी तिथेच. मुंबईच्या चाळींमधल्या एका खोलीच्या संसारात या कोपऱ्याने जे काम केलंय त्याला तोड नाही. त्याची आठवण अजून एका शब्दात टिकून आहे. जमिनीतलं पाणी जाण्याची जाळी आणि तिच्याखालचं भांडं याला तुमचा प्लंबर आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतो. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही हाच शब्द आहे. आपल्या न्हाणीघराने इंग्रजीत एवढी जागा तरी मिळवली.

मोठ्या वाड्यांची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न पाण्याचा कमी आणि शिवाशिवीचा जास्त. चूल आत, सोवळ्यात. उष्टं-खरकटं बाहेर, परसदारी. घासणारी बाई मागच्या दाराने यायची आणि मागच्या दारानेच जायची. तिने घासून पालथी घातलेली भांडी घरातली बाई पुन्हा पाण्यातून काढून मगच आत घ्यायची. म्हणजे भांडं दोनदा धुवायचं, एकदा अन्नाचं आणि एकदा माणसाचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण 'खरकटं मागे' या वाक्याचं मूळ नुसत्या स्वच्छतेत नाही, हे कबूल करायला हवं. काकूच्या मनात आज जातपात नसेलही. वाक्य मात्र तिथूनच आलंय.

मग गॅस आला, ओटा आला आणि स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. उभ्याच्या स्वयंपाकघराचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रँकफर्ट किचन. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी ते जर्मनीतल्या नव्या वसाहतींसाठी आखलं. साधारण १.९ गुणिले ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरासारखं, सगळं हाताच्या अंतरावर. पावलं मोजून, घड्याळ लावून केलेलं काम. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. आपल्या मॉड्युलर किचनचा हा खापरपणजोबा. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवाद्यांनी त्याच्यावर टीका केली, की हे इतकं नेमकं एका माणसापुरतं आहे की दुसरा कुणी मदतीला आत येऊच शकत नाही. पावलं वाचली, पण ती एकाच व्यक्तीची, आणि ती व्यक्ती कोण हे आधीच ठरलेलं.

आपल्या फ्लॅटमध्ये याच्याही पुढची गंमत झाली. स्वयंपाक उभ्याने झाला, पण भांडी घासणारी बाई खालीच बसून राहिली. आठवून बघा, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिथे जमिनीपासून फूट-दीड फुटावर नळ, आणि उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या मावशी. चुलीपाशी बसणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली ती घराची मालकीण होती म्हणून. नळाची उंची जैसे थे. बिल्डरचा प्लॅन कुणीही काढलेला असो, पुण्यातला किंवा नंदुरबारचा, ही एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी.

आता मशीनकडे. ते आलंच मुळी नोकरांवरच्या वैतागातून. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन या सुखवस्तू घरातल्या बाई. चिनी मातीच्या उंची बशांचे नोकरांच्या हातून टवके उडतात, ही त्यांची तक्रार. १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि हौसेचा प्रयोग पोटापाण्याचा झाला. २८ डिसेंबर १८८६ ला त्यांना पेटंट मिळालं. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.) १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजलं. पण गिऱ्हाइकं कोण, तर हॉटेलं. घरात ते जाईना, कारण त्याला लागेल एवढं गरम पाणी तेव्हाच्या घरांतून मिळत नव्हतं. अमेरिकेतसुद्धा घरोघरी डिशवॉशर पोचायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. पाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय माणसाचा प्रश्न सुटत नाही, तो असा.

आपल्याकडे हे यंत्र बरीच वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात पडून होतं, कारण त्याहून स्वस्तात मावशी मिळत होत्या. मावशींनाही इतिहास आहे. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ उजाडलं. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशी येईनाशा झाल्या तेव्हा एकदम डिशवॉशरची मागणी वाढली. कॉक्रनबाईंच्या १३४ वर्षांनंतर आपण त्याच दारात उभे!

बरं, घरातली माणसं का नाही घासत? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ८८ मिनिटं. तेसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी! मशीन आणून हा आकडा आपोआप बदलत नाही. मशीन भांडी घासतं. ती भरायची कुणी आणि रिकामी करायची कुणी, हे काम उरतंच. आणि इथेच जागेचा मुद्दा येतो.

मशीन मागच्या दारी ठेवलं, तर ते 'मागच्या दारी जाणाऱ्या माणसाचं' होतं. दादा जेवून उठल्यावर ताट घेऊन मागच्या दारापर्यंत जाणार नाही, हे मी लिहून देतो. तेच ओट्याखाली, जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर असेल, तर निदान ताट विसळून आत लावायला सबब उरत नाही. म्हणून माझं मत ओट्याखाली.

आता मोजमापं. मशीन ६० सेंमी रुंद, ६० खोल आणि साधारण ८२ ते ८५ उंच. ओट्याखाली मोकळी उंची तेवढी हवी, हे ग्रॅनाइट बसवायच्या आधी बघा. पाईपसाठी मागे जागा लागते, त्यामुळे ६० खोलीच्या ओट्यात मशीन थोडं पुढे येतं. दार पूर्ण उघडल्यावर पुढे आणखी ६० सेंमी जातात, आणि तेव्हाही मागून माणूस जायला हवा. नाहीतर फ्रँकफर्टसारखं एकाच माणसाचं स्वयंपाकघर होईल. दार उघडं असताना सिंकपाशी उभं राहता आलं पाहिजे, आणि ताट-वाट्यांचं कपाट हाताच्या अंतरावर पाहिजे. सिंकच्या शेजारीच ठेवा, म्हणजे सांडपाण्याचा पाईप लांबवावा लागत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कपाटात घ्या. टाकी अगदी डोक्यावर असेल तर पाण्याचा दाब पुरतो का ते तपासा. आणि बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर मशीनमध्ये मीठ घालायचा कंटाळा करू नका.

एका वेळेला साधारण १० लिटर पाणी लागतं, ते हाताने धुण्यापेक्षा बरंच कमी. वीज मात्र पाणी तापवताना २ किलोवॅटच्या आसपास. हा आकडा लिहिताना मला धडगावकडचं बिलगाव आठवलं. २००३ मध्ये तिथल्या लोकांनी श्रमदान करून नदीवर छोटा वीजप्रकल्प उभारला होता, सुमारे १५ किलोवॅटचा. 'स्वदेस' मधला तो वीज येण्याचा प्रसंग यावरूनच सुचला असं सांगतात. सुमारे ३०० घरांत त्याने दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला. हिशोब करा, त्या १५ किलोवॅटवर एका वेळी फार तर सात डिशवॉशर चालले असते. जिल्हा एकच आहे. दादाचं घर एका टोकाला, झिऱ्यावर वाटीने हंडा भरणारी बाई दुसऱ्या टोकाला. डिशवॉशर घेऊ नये असं मी म्हणत नाही, पण हे दुसरं टोक विसरू नये एवढंच.

काकूचं म्हणणंही पूर्ण चुकीचं नाही. लोखंडी तवा, कढई, पितळेचं पातेलं, पोळपाट-लाटणं मशीनमध्ये जात नाही. मागच्या दारी घासणं चालूच राहणार, आणि ते करायला येणाऱ्या मावशीही राहाव्यात. फक्त त्यांना खाली बसवू नका. प्लॅनमध्ये मागच्या नळाखाली ओट्याच्या उंचीचा एक पक्का कट्टा काढा, वर पत्र्याचं छप्पर. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. घर बांधताना आर्किटेक्टला आपण सिंकचा रंगसुद्धा विचारतो, तर या नळाची उंचीही विचारा.