परीक्षानळी कोणी धरायची?

शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगांविषयी लिहायला बसलो की मला आधी शाळेची मोरी आठवते. मी आठवीत होतो. गुरुजी टेबलावर प्रयोग करून दाखवीत, पुढच्या बाकांवरची मुले टेबलाभोवती गोळा होत, आणि आम्ही वस्तीतली चार पोरे मागे टाचा उंचावून उभी राहत असू. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी आम्हांला कधी टाकून बोलले नाही. पण तास संपला की हाक यायची ती आम्हांलाच. नळ्या, चंचुपात्रे मोरीवर नेऊन घासायचे काम आमचे. प्रयोगाआधी ज्या काचेला आमचा हात लागत नसे, ती प्रयोगानंतर आमच्या स्वाधीन होई. एकदा नळीत उरलेल्या आम्लाने माझ्या बोटांचे कातडे सोलले. 'सांभाळून' हा शब्द त्यानंतर ऐकला.

म्हणून वर्गातल्या प्रयोगाचा इतिहास पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : प्रयोग कोणाच्या हाती होता आणि पाहत कोण होते?

प्रयोग लोकांसमोर करून दाखवण्याची कला ज्याने थोर केली, तो मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. १७९१ चा जन्म. शाळा थोडीच झाली. पुढे सात वर्षे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्रे डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याच वर्षी स्फोटक रसायन हाताळताना डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली होती. १८१३ मध्ये फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. पुढे डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासास गेला, तेव्हा डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखेच वागवले. हाच मनुष्य पुढे त्या संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने देऊ लागला. ही प्रथा १८२५ साली सुरू झाली. त्यांपैकी १९ मालिका एकट्या फॅरेडेच्या. मेणबत्तीवरची त्याची व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली.

त्यातला एक प्रयोग मी वर्षानुवर्षे वर्गात केला. मेणबत्ती विझवायची. वातीतून धुराची रेघ वर चढते. वातीपासून दोनेक इंचांवर त्या धुरात जळती काडी धरायची. ज्योत रेघेवरून खाली धावत जाते आणि वात पुन्हा पेटते. जळते ते घन मेण नव्हे, मेणाची वाफ जळते, हे एका क्षणात मुलांना कळते. खर्च मेणबत्तीचा आणि काडेपेटीचा.

फॅरेडेची गरिबी आणि आपली अस्पृश्यता या दोन गोष्टी एक नव्हेत. लोहाराच्या मुलाला तिकीट मिळाले आणि तो आत जाऊन बसला. आपल्याकडे दारच बंद होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, आणि तरीही इतर मुले शाळा सोडतील या भयाने त्याला आत घेतले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान मागितले. मातीशी नि शरीराशी संबंध असलेली विद्या हवी, ही ती मागणी होती.

पुढे दार उघडले, पण आत गेल्यावरही स्पर्शाची भिंत होतीच. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे हलवण्यासाठी सवर्ण मुलांची धावपळ उडाली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. फळ्याला हात लावताना जिथे हा प्रकार, तिथे भिंग नि तराजू कोण हाती देणार?

प्रयोग मुलांच्या हाती देण्याचा मोठा यत्न १९७२ साली मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. चार-चार मुलांच्या टोळीने स्वतः प्रयोग करायचा, निरीक्षण लिहायचे, त्यावर वर्गात चर्चा करायची. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने धुरा घेतली. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. बंद झाला तरी खेड्यातले साधे पोर साध्या साहित्यातून विज्ञान करू शकते, हे तीस वर्षांत सिद्ध झाले.

पण टोळी केली म्हणजे जात संपत नाही, हे मी शिक्षक झाल्यावर शिकलो. टोळीतही एक जण प्रयोग करतो, एक पाणी आणतो. म्हणून मी भिंतीवर पाळी लावली : आज जो हाताळील तो उद्या मोजील, परवा लिहील, तेरवा घासेल. सुरक्षेचे नियमही तसेच सर्वांना सारखे. प्रयोग आधी शिक्षकाने स्वतः करून पाहावा. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लावर पाणी कधीच ओतू नये. जळत्या दिव्यात स्पिरिट भरू नये. मोकळे केस, ओढणी बांधून घ्यावी. वाळूची बादली जवळ असावी. नळ्यांतले रसायन शिक्षकाने आधी काढून टाकावे, मगच त्या धुवायला द्याव्यात. 'धोका आहे, तू लांब राहा' हे वाक्य नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला येत असेल, तर तिथे सुरक्षेच्या नावाखाली विटाळ चालू आहे असे समजावे.

शेवटी माझा एक गुन्हा कबूल करतो. १९७९ साली मी नोकरीला लागलो. हवेच्या दाबाचा प्रयोग होता. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा दाबून पेला उलटा करायचा आणि हात काढायचा. खालून हवेचा दाब पुठ्ठा धरून ठेवतो, पाणी पडत नाही. मी वस्तीतल्या एका मुलीला पुढे बोलावले. तिने पेला उचलला तोच मागून आवाज आला, "सर, तो माठावरचा पेला आहे." मी, महाडच्या सत्याग्रहावर भाषणे देणारा माणूस, गप्प राहिलो आणि कपाटातून दुसरा पेला काढून तिला दिला. पाणी पडले नाही. टाळ्या झाल्या. प्रयोग पास झाला, मास्तर नापास झाला.

पुढच्या आठवड्यात मी तोच प्रयोग पुन्हा घेतला, माठावरच्याच पेल्याने. पहिली पाळी तिची, मग सगळ्या वर्गाची. दोन पालक तक्रार घेऊन आले; त्यांनाही मी पेला उलटा धरायला दिला. एकाने धरला.

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्य ठरवले. शिक्षकमित्रांनो, त्याची परीक्षा तुमच्याच वर्गात घ्या. उद्या प्रयोग कराल तेव्हा टेबलाकडे पाहू नका. मागे टाचा उंचावून कोण उभे आहे ते पाहा, आणि नळी त्याच्या हाती द्या.